आई असलेली अनाथ मुलं

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात अ‍ॅशली डाउन नावाचा उंचवटा आहे. १८४९ साली तिथे जॉर्ज म्युलर या धर्मोपदेशकानं तीनशे मुलांचं अनाथगृह उघडलं. तिथे मूल ठेवायचं तर दाखले दाखवावे लागत : आईबापांच्या लग्नाचा, बापाच्या मृत्यूचा आणि आईच्या मृत्यूचा. दाखले जुळले आणि पोराला बघणारं कुणी नाही याची खात्री पटली, की त्याचं नाव यादीत चढे. बाप गेलेला, आई जिवंत, पदरी पाच लेकरं, असं कुटुंब आलं तर त्यानं दुसरं दार शोधायचं. लग्नाबाहेर झालेल्या मुलालाही प्रवेश नव्हता.

नियम कठोर होता, पण सरळ होता. पाटी अनाथगृहाची आणि आत खरोखर अनाथच. जगातल्या बहुतेक अनाथाश्रमांबद्दल असं म्हणता येत नाही. आजही अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कुणीतरी एक, हयात असतात. मुलं तिथे पोचतात ती आईबाप मेले म्हणून कमी. गरिबी, आजारपण, दारू, नवऱ्यानं टाकणं, दुसरं लग्न, तुरुंग, दुष्काळ या कारणांनी जास्त. आणि त्यांच्यासाठी दार उघडणाऱ्यांमध्ये देवाधर्माच्या प्रेरणेनं चालणारी घरं सर्वांत जुनी. अशा घराबद्दल वाचताना मी खाटा किती, जेवणात काय, प्रार्थना किती वेळा, हे नंतर बघतो. आधी प्रवेशाची अट शोधतो. संकट म्हणजे काय आणि ते नेमकं कुणावर आलंय, याविषयीची त्या घराची समजूत तिथे कळते.

मराठीत तर हा घोळ शब्दातच आहे. अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही तो. राखणारा नाही, वाली नाही, एवढंच त्यात सांगितलंय. आईबापांचा उल्लेखसुद्धा नाही. इस्लामी परंपरेत यतीम म्हणजे बाप गेलेलं मूल, मग आई असली तरीही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात 'अनाथ बालिकाश्रम' स्थापन केला तो विधवांसाठी. वडील, भाऊ, दीर, सासरे असा गोतावळा धडधाकट असलेल्या या मुली अनाथ कशा? तर नवरा गेला म्हणून. नाव कुणालाही खटकलं नाही. म्युलर यांच्या कचेरीत यांतल्या बहुतेकींचा अर्ज पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

या म्युलरसाहेबांकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण त्यांची पुढे पंडिता रमाबाईंच्या केडगावशी गाठ पडते.

म्युलर मूळचे प्रशियातले, जन्म १८०५ चा. वडील करवसुली खात्यात, आणि चिरंजीव लहानपणापासून वडिलांकडच्या सरकारी पैशावर हात मारणारे. खानावळीचं बिल बुडवलं म्हणून सोळाव्या वर्षी तुरुंगाची हवाही खाऊन आलेले. धर्मशास्त्र शिकायला ते हाले गावच्या विद्यापीठात गेले आणि तिथे काही काळ एका जुन्या अनाथगृहात गरीब विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या खोलीत राहिले. हे अनाथगृह आउगुस्ट हेर्मान फ्रांके या पाद्र्यानं सतराव्या शतकाच्या अखेरीस काढलं होतं. १६९५ मध्ये त्यांच्या दानपेटीत कुणीतरी सात गुल्डन टाकले, आणि एवढ्या रकमेतून काहीतरी भलं करायचं म्हणून त्यांनी गरीब मुलांची शाळा सुरू केली. तिची वाढ होत होत दवाखाना, छापखाना, औषधविक्री असं गावच उभं राहिलं. जाता जाता एक मराठी धागा : याच हालेत शिकलेला श्वार्ट्झ नावाचा मिशनरी पुढे तंजावरला आला आणि भोसल्यांच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक-शिक्षक झाला. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणाऱ्या या राजाच्या जडणघडणीत हालेच्या त्या परंपरेचा वाटा आहे.

ब्रिस्टलला आल्यावर म्युलर यांनी १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवरच्या एका भाड्याच्या घरात तीस मुलींची सोय केली. घर, भांडी, अंथरुणं, कामाला बायका, पैसे, प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी देवाकडे मागणं मागितलं होतं. अर्ज घ्यायचा दिवस आला. ते दोन तास वाट बघत बसले. एकही अर्ज आला नाही! घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्यासाठी प्रार्थना केली, पण मुलं यावीत यासाठी केलीच नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीय. भाविक वाचकाला त्यात श्रद्धेचा धडा दिसतो. मला त्यात दुसरंच दिसतं : घर आधी तयार झालं, मूल नंतर आठवलं. म्युलर हे लपवतही नाहीत. अनाथगृह काढण्याचा पहिला हेतू मुलांचं भलं हा नसून, देव आजही हाकेला धावतो हे लोकांना दिसावं हा आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. मुलांचं भलं दुसऱ्या क्रमांकावर.

आता हा क्रम वाचून कुणाच्याही भुवया वर जातील. पण त्याचे परिणाम मुलांच्या फायद्याचे झाले, ही गंमत आहे. त्या काळी इंग्लंडमधल्या कित्येक अनाथगृहांत प्रवेश मतदानानं मिळे. वर्गणीदारांना मतं असत, आणि ज्या विधवेला मूल आत घालायचं ती वर्गणीदारांचे उंबरठे झिजवून, पत्रकं छापून, मतं गोळा करी. ओळखीपाळखी असलेल्यांची पोरं निवडून येत, खरोखर निराधार असलेली मागे राहत. म्युलर यांनी हे बंद ठेवलं. देवाखेरीज कुणाकडे मागायचं नाही हा नेम असल्यानं दात्यालाही मत नव्हतं. कर्ज काढायचं नाही, अमुक दिवशी पैसे संपले होते हे कुणाला त्या दिवशी सांगायचं नाही, पण वर्षाअखेरीस पै-पैचा हिशोब छापून प्रसिद्ध करायचा. हे वार्षिक अहवाल लोक कादंबरीसारखे वाचत आणि पैसे धाडत. न मागणं हेच मागण्याचं उत्तम साधन ठरलं, अशी कुजबुज तेव्हाही होती. ती अगदीच खोटी नसावी; पण अहवाल खरे होते आणि पोरांच्या ताटात जेवण होतं.

१८७० पर्यंत अ‍ॅशली डाउनवर पाच प्रचंड इमारती झाल्या, २,०५० मुलांची सोय झाली. १८९८ मध्ये म्युलर वारले तेव्हा त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुलं तिथून गेली होती. मुली साधारण सतराव्या वर्षापर्यंत राहत आणि मग चांगल्या घरी नोकरीला जात. मुलगे चौदा-पंधराव्या वर्षी कारागिराकडे उमेदवारीला. संस्थेवर झालेला सर्वांत मजेदार आरोप असा, की ती मुलांना गरजेपेक्षा जास्त शिकवते आणि त्यामुळे खाणी-कारखान्यांना मजूर मिळत नाहीत. कुठल्याही अनाथगृहाला मिळालेलं याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही.

म्युलर यांनी नाकारलेल्या, म्हणजे आई जिवंत असलेल्या मुलांचं काय झालं? तसल्या मुलांसाठी लंडनला थॉमस बर्नार्डो यांनी दार उघडलं. हे आयर्लंडमध्ये जन्मलेले गृहस्थ चीनला मिशनरी म्हणून जायला निघाले होते आणि लंडनच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्येच अडकले. १८७० मध्ये त्यांनी स्टेपनी भागात मुलग्यांचं घर काढलं. जागा नाही म्हणून एका पोराला परत पाठवलं आणि ते दोनच दिवसांनी उघड्यावर मेलेलं सापडलं, असं सांगतात. मग दारावर पाटी लागली, की कुठल्याही निराधार मुलाला इथे नकार मिळणार नाही. दाखले नाहीत, मतदान नाही, लग्नाची चौकशी नाही. म्युलर यांच्या अगदी उलट टोक.

पण दार सताड उघडल्यावर आत येणाऱ्या मुलांमागे त्यांच्या आया उभ्या होत्या. बर्नार्डो यांना त्या आयांबद्दल फारसा आदर नव्हता. दारूच्या घरातून, रस्त्यावरून मूल उचलणं हे त्यांना पुण्याचंच काम वाटे, आणि काही वेळा आपण कायदा बाजूला सारून मुलं पळवली आहेत हे त्यांनी मान्यही केलं. मूल 'आधी' आणि 'नंतर' कसं दिसतं याचे फोटो विकून ते पैसे उभे करत. त्यांतले काही फोटो मुलांना मुद्दाम फाटके कपडे चढवून काढलेले होते, हे १८७७ च्या चौकशीत बाहेर आलं. वर्गणी मागणाऱ्या संस्थांच्या पत्रकांमध्ये ही जोडचित्रं आजही दिसतात; फक्त कॅमेरा बदललाय.

मग कोर्टकज्जे सुरू झाले. एका कॅथलिक आईनं आपला मुलगा कॅथलिक घरात ठेवायला मागितला. बर्नार्डो यांनी नकार दिला. मूल प्रॉटेस्टंट घरात नीट वाढतंय, ते पुन्हा त्या वातावरणात का द्यायचं? प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८९१ मध्ये निकाल आईच्या बाजूनं लागला. दुसऱ्या एका प्रकरणात आई मूल मागायला आली तोवर ते कॅनडाला रवाना झालं होतं. बर्नार्डो यांच्या संस्थेनं आणि तिच्यासारख्या इतर संस्थांनी मिळून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या काही दशकांत लाखाच्या आसपास ब्रिटिश मुलं कॅनडात शेतावर कामाला पाठवली. त्यांतल्या कित्येकांच्या आया इंग्लंडात जिवंत होत्या. समुद्रापलीकडे मूल पाठवलं की वाईट सोबत तुटते, असा हिशोब. त्या सोबतीत आई धरलेली.

१८९१ सालीच ब्रिटिश संसदेनं मुलांच्या ताब्याचा एक कायदा केला. त्याला बर्नार्डोंचाच कायदा म्हणत. मूल टाकून देणाऱ्या पालकाला ते परत मागण्याचा हक्क न्यायालय नाकारू शकेल, असं त्यात होतं. पण मुलाला कुठल्या धर्मात वाढवायचं यावरचा पालकाचा शब्द मात्र शक्यतो राखायचा, असंही होतं. पालकाकडून मूल काढून घेता येईल, त्याचा धर्म काढून घेता येणार नाही. हा तोल काढायला इंग्लंडला वीस-एक वर्षं लागली.

आपल्याकडे हाच प्रश्न दुसऱ्या दारानं आला.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तिथे संकट दुष्काळाचं नव्हतं, मरणाचंही नव्हतं, जन्माचं होतं. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा, स्वतःला संपवायचं किंवा लेकराला. या घरानं आईला आत घेतलं. बाळंतपण तिथे करायचं. मूल घेऊन जाता आलं तर न्यायचं, नाही तर ठेवून जायचं. त्यातल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्यानं दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. फुल्यांची ती काही पंथाची संस्था नव्हे. पण बारा वर्षांनी, १८७५ मध्ये, पंढरपुरात जे घर निघालं ते प्रार्थनासमाजाचं. तिथे न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ समाजाचे अनुयायी. जागेची निवड फार विचाराची. यात्रेच्या गर्दीत, देवाला आलो या नावाखाली, दूरदूरच्या घरांतल्या विधवा पंढरपूर गाठत आणि बाळंत होऊन मोकळ्या हातांनी परतत. लेकरं चंद्रभागेच्या काठावर राहत, कधी जिवंत, कधी नाही. लालशंकरांनी त्या लेकरांसाठी घर काढलं. दुसऱ्याच वर्षी १८७६-७७ चा दुष्काळ पडला आणि घराला नवी मुलं मिळाली. पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांचं नाव त्याला लागलं. आजही पंढरपुरात नवरंगे बालकाश्रम म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडतो.

म्युलर यांचा नियम डोक्यात ठेवून या दोन घरांकडे बघा. तिथे लग्नाचा दाखला नसला तर प्रवेश नाही. इथे लग्नाचा दाखला नसणं हीच प्रवेशाची अट. प्रार्थनासमाजाचा देव एकच, निराकार, त्याला नवस नाही, मूर्ती नाही. विठोबाच्या गावात मूर्ती न मानणाऱ्यांनी उभारलेलं हे घर मला नेहमी एक सौम्य विनोद वाटत आलंय. गावानं तो पचवला, कारण नको असलेली पोरं उचलायला दुसरं कुणी पुढे येत नव्हतं.

पंडिता रमाबाईंना यांतला एकही अनुभव पुस्तकातून घ्यावा लागला नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या मुलीनं १८७० च्या दशकातल्या दुष्काळात दक्षिणेत भटकताना काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. वय सोळा. उरलेला भाऊ आणि ती पायी फिरत राहिले. भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन उघडलं. पैसा अमेरिकेतल्या मंडळाचा, पण धर्म शिकवायचा नाही ही अट मान्य केलेली. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी.

सदन पुण्याला हलल्यावर वाद पेटला. रमाबाईंच्या खोलीचं दार प्रार्थनेच्या वेळी उघडं असे आणि काही मुली आत जाऊन बसत. धर्म शिकवत नाही हे खरं, पण दारही लावून घेत नाही. १८९३ मध्ये 'केसरी'नं झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर अन्याय झाला असं म्हणणारे आणि त्यांनी विश्वासघात केला असं म्हणणारे, दोघंही एक गोष्ट विसरतात. शारदासदनातल्या मुलींना पालक होते. वर्तमानपत्रात लिहिणारे, मुलगी परत नेणारे, जाब विचारणारे. संस्थेला हिशोब मागणारं कुणीतरी बाहेर उभं होतं.

केडगावच्या मुलींना असं कुणी नव्हतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदतछावण्या आणि गरीबखाने त्यांनी बघितले. तिथे पोरीबाळींचं काय होतंय, कोण त्यांना विकत घेऊन जातंय, हे त्यांनी लिहून छापलं. त्या शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगची धामधूम, नव्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई. मग दौंडच्या वाटेवर केडगावला शारदासदनाच्या उत्पन्नासाठी घेऊन ठेवलेली जी शेतजमीन होती तिथे तंबू आणि झोपड्या पडल्या. त्याचं मुक्तिसदन झालं. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. लहानशा गावाशेजारी दोन हजार मुली! विहिरी खणल्या, माग बसवले, तेलघाणी, दुभती जनावरं, छापखाना चालवला. अंध मुलींसाठी वेगळं घर, बायबलातल्या आंधळ्या बर्तिमयाच्या नावाचं. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली होती. फसवल्या गेलेल्या, घरातून हाकललेल्या बायकांसाठी कृपासदन. थोड्या मोठ्या मुलीकडे धाकट्या मुली सोपवायच्या, एवढ्या वस्तीत दुसरा इलाजही नव्हता.

या सगळ्याला पैसे कुठून? इथे ब्रिस्टल येतं. आपल्या आत्मकथनात रमाबाई सांगतात, की म्युलर यांच्या चरित्रासह अशा तीन मिशनऱ्यांच्या कहाण्या त्यांनी वाचल्या आणि मनात आलं, की माणसांकडे हात न पसरता हे हिंदुस्थानात जमेल का. मुक्तिसदन त्या रीतीनं चाललं, आणि आता धर्माबद्दल आडपडदा नव्हता. घर उघडपणे ख्रिस्ती होतं.

दुष्काळात मरणारी मुलगी वाचवली, तर तिला आपला धर्म देण्याचा हक्क मिळतो का? रमाबाईंना हा प्रश्नच पडला नसता. त्यांच्या लेखी धर्म हे वाचवण्याचंच पुढचं पाऊल होतं. जेवण दिलं आणि तारण दिलं नाही तर अर्धंच काम. हे त्यांच्यापुरतं प्रामाणिक आहे. पण नऊ वर्षांच्या गोंड किंवा कुणबी मुलीला तिच्या घराचा देव आठवत असेलच ना? आणि पाऊस पडल्यावर, दोन वर्षांनी, एखादा मामा जिवंत निघाला तर? रमाबाईंबद्दल मला अपार आदर आहे, आणि तरीही शारदासदनाच्या दारापाशी त्यांनी जो तोल सांभाळायचा प्रयत्न केला होता तो केडगावला सुटला असं मला वाटतं. सुटला कारण जाब विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

विचारणारे उत्तरेत मात्र उठले. लाला लजपतराय आणि आर्यसमाजानं दुष्काळी मुलं मिशनऱ्यांच्या आधी गाठायची मोहीम उघडली, मुलं पंजाबात फिरोझपूर आणि लाहोरकडे नेली, आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे लालाजींनी साक्षही दिली. मध्य प्रांतातलं पोर आता पाद्र्यासोबत जाणार की समाजिस्टांसोबत, एवढाच सवाल उरला. दोन्हीकडे त्याचं गाव मागे राहणार होतं. ब्रिटिश संसदेनं लंडनच्या पोरांसाठी मान्य केलेला नियम, पालकाचा धर्म राखायचा, तो इथे दोन्ही बाजूंना सोयीपुरताच आठवत होता.

कर्वे यांनी या धगीतून वेगळा धडा घेतला. पत्नी शारदासदनात शिकलेली, 'केसरी'चा वाद डोळ्यांसमोर घडलेला. आपला अनाथ बालिकाश्रम, म्हणजे पुढचा हिंगण्याचा आश्रम, त्यांनी धर्मप्रसारापासून कटाक्षानं लांब ठेवला आणि दारोदार हिंडून आणे-पैशांची वर्गणी जमवली. म्युलर-रमाबाईंच्या अगदी उलट : देवाकडे नाही, माणसांकडेच मागायचं. ज्यानं चार आणे दिले त्याला विचारायचा हक्क आला.

विसाव्या शतकात डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ या घरांमध्ये शिरले तेव्हा चर्चा धर्मावरून इमारतीकडे वळली. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला : लहान मुलाला एक ठरावीक, कायम असलेलं माणूस लागतं, आणि ते नसेल तर स्वच्छ चादरी आणि दूध पुरत नाही. रुमेनियातल्या बुखारेस्टमध्ये २००० नंतर १३६ बाळांचा अभ्यास झाला. निम्मी चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत पाठवली, निम्मी तिथल्या व्यवस्थेवर सोडली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा सावरला, दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा सर्वांत जास्त. ती सरकारी बालगृहं होती, देवाधर्माशी त्यांचा संबंध नव्हता. धार्मिक घरांची एक जमेची बाजू इथे मान्य करावी लागते. तिथली ताई किंवा सिस्टर पगारापुरती नसते. वीस वर्षांनी लग्नाची पत्रिका घेऊन गेलात तर तीच दार उघडते. सरकारी बालगृहातले अधीक्षक बदलीवर जातात. पण जिथे बाहेरचं कुणी डोकावत नाही तिथे तीच कायमची माणसं काय करू शकतात, हे आयर्लंडच्या चौकशी आयोगानं २००९ मध्ये पाच खंडांत लिहिलंय.

खुद्द ब्रिस्टलमध्ये मोठ्या इमारतींचा हट्ट संपला. १९५८ मध्ये अ‍ॅशली डाउनची घरं शहर पालिकेला विकली गेली, मुलं आठ-दहांच्या छोट्या घरांत गेली आणि टेकडीवर महाविद्यालय आलं.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात एक तत्त्व लिहिलंय : मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. प्रवेश आता संस्थाचालकाच्या मर्जीनं नाही, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशानं; आणि मुलं ठेवणारी प्रत्येक संस्था, देवाची असो की सरकारची, नोंदलेली हवी. कागदावर हे चोख आहे. पण जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी बालगृहांच्या आणि आश्रमांच्या फाटकाशी ज्या बाया पोरांचा हात धरून उभ्या असतात, त्यांच्यासाठी हा उपाय शेवटचा नसतो, पहिलाच असतो. ऊसतोडीला जायचंय, नवरा नाही, सासूनं बाहेर काढलंय, मुलगी वयात येतेय आणि खोलीला कडी नाही. संस्था कुठल्या धर्माची हे ती विचारत नाही. दोन वेळचं जेवण, शाळा आणि रात्री लागणारं कुलूप, एवढं ती बघते. भेटीच्या रविवारी तीच बाई पिशवीत केळी आणि चिवडा घेऊन येते, आणि संध्याकाळी मूल आत जाताना मागे बघत नाही म्हणून एसटीत रडते. त्या मुलाला आपण अनाथाश्रमातलं मूल म्हणतो.

महाराष्ट्रात या बाईसाठी एक योजना आहे, बालसंगोपन. एक पालक गेला असेल, किंवा आईबाप दुर्धर आजारानं, तुरुंगानं, घटस्फोटानं मूल सांभाळायला असमर्थ असतील, तर मूल घरीच ठेवायचं आणि शासनानं त्यासाठी दरमहा रक्कम द्यायची. पूर्वी ती ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली, २०२३ पासून २,२५०. एका मुलाला संस्थेत ठेवण्याच्या खर्चापुढे ही रक्कम फार नाही. कोविडनंतर तिची थोडी ओळख वाढली, तरी ज्या आईला ती हवी तिला अनेकदा आश्रमाचा पत्ता आधी सांगितला जातो, योजनेचं नाव नंतर. शेजारच्या बाईला आश्रम माहीत असतो. कचेरीतल्या साहेबाला योजना माहीत असते. आणि संस्थेचं म्हणाल तर अनुदान आणि देणगी दोन्ही मुलांच्या संख्येवर येतात, घरी राहिलेल्या मुलाच्या नावानं कुणी इमारत बांधत नाही.

तरीही काही ठिकाणी जुनी घरं वळताहेत. खाटा कमी करायच्या, संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास द्यायचा, आणि रात्री मूल आईकडे. त्याच ताई, त्याच सिस्टर, पण त्या आता वस्तीत जाऊन अर्ज भरून देतात. अर्जाला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, शाळेचा बोनाफाइड, आधार, आईच्या बँकेचं पासबुक, आणि बापाच्या मृत्यूचा दाखला. अ‍ॅशली डाउनला लागत त्यांतला हा एक कागद अजून तसाच आहे. आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या जागी आता तिची सही.